माझं ‘कुठे’ नेमकं कुठे जातं

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण गुडघ्यांमुळे हल्ली अर्ध्यावरच थांबावं लागतं, तेव्हा जेवढा जमला तेवढा नमस्कार गोड मानून घ्या. इकडे आम्ही दोघं ठीक. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचं ह्यांच्याकडून कळलं. (सगळं ह्यांच्याकडूनच कळतं. तीन वर्षं आपल्या दोघींचं बोलणं ह्यांच्या तोंडून ये-जा करतंय आणि हे वाटेत निम्मं गाळतात. मागे एकदा तुम्ही फोनवर माझ्याबद्दल चांगलं पाच मिनिटं बोललात, आणि फोन ठेवून हे मला म्हणाले, “ताईने विचारलंय, कशी आहेस.” पाच मिनिटं काय कुणी ‘कशी आहेस’ विचारतं का?) आता अक्षर स्पष्ट दिसत असेल अशी आशा आहे, कारण हे पत्र लांब आहे आणि तुम्ही ते शेवटपर्यंत वाचावं अशी माझी इच्छा आहे. मधेच चष्मा काढून ठेवू नका.

तीन वर्षांनी हिला आज पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, असं तुम्हाला वाटेल. राग म्हणाल तर माझ्या मनात काडीचाही नाही. मी तो प्रसंग केव्हाच विसरले आहे. तुमच्या शाळेचा हॉल, तुमच्या निवृत्तीचा समारंभ, सत्तावीस तारीख, शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, तुमच्या अंगावर ती मोरपंखी साडी, समोर दोनशे माणसं, आणि अठ्ठावीस वर्षं घरात गात आलो ते आपलं वाटेचं गाणं. एवढं सोडलं तर मला काहीसुद्धा आठवत नाही. दर कडव्यात दोन ओळी तुमच्या, दोन माझ्या आणि धृपद दोघींचं. ‘थांब जरा, ही वाट आपुली अजून संपली कुठे.’ टाळ्या पडल्या, आणि तुम्ही बाजूला बसलेल्या पेटीवाल्याकडे वाकून म्हणालात, “हिचं ‘कुठे’ दर वेळी खाली घसरतं हो, मीच ओढून नेते वर.” तुम्ही हळूच म्हणालात हे मला मान्य आहे. पण माईक चालू होता, वन्सं. शेवटच्या रांगेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना समजलं की माझं ‘कुठे’ घसरतं. जिना उतरताना तुमच्या एका विद्यार्थ्याने मला “सांभाळून” म्हटलं, तेही मला पायऱ्यांबद्दल वाटलं नाही.

तुम्ही गणिताच्या बाई. उत्तर चुकलं की चुकलं म्हणणार. मी पडदे शिवणारी बाई. माझंही काम मोजमापाचंच, आणि माझ्या टेपवर माझा तुमच्या फळ्याइतकाच भरवसा. तेव्हा मी तीन वर्षं वाट पाहिली ती रागाने नव्हे, योग्य मापाची पट्टी हाती येण्याची. ह्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. तुमचे बंधू बत्तीस वर्षं वजनमापं तपासत गावोगाव हिंडले, एवढ्याएवढ्याशा फरकाला दुकानदारांची झोप उडवली, पण बायको आणि बहीण ह्यांच्यामध्ये त्यांनी काटा कधी हलू म्हणून दिला नाही. “कुणाचा सूर बरोबर होता?” असं विचारलं की म्हणतात, “हॉल फार मोठा होता.”

तर गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर माझ्याकडे दवाखान्याच्या खिडकीचं माप द्यायला आले आणि बोलता बोलता म्हणाले की ते हौसेने कीबोर्ड वाजवतात, आणि आता घरच्या संगणकावर नुसत्या वाद्यांची धून लावून तिच्यावर आपला आवाज भरता येतो. वर, आवाज सुरात आहे की नाही हे संगणक रेघ काढून दाखवतो. रेघ! मी हातातला टेप खालीच ठेवला. म्हटलं, डॉक्टर, पडद्याचे पैसे नकोत, मला एक धून करून द्या. (हे पैशांचं ह्यांना सांगितलेलं नाही.)

डॉक्टरांनी चार दिवसांत धून आणून दिली. बासरी, तबला, व्हायोलिनं, सगळं त्या एका कीबोर्डातून. ऐकून मी थक्क झाले. गायला लागले तेव्हा पुन्हा थक्क झाले, कारण धून त्यांनी स्वतःच्या पट्टीत केली होती आणि त्यांचा आवाज म्हणजे गुळण्या करताना येतो तसा, थेट तळातून. मला हे गाणं विहिरीत उतरून गावं लागलं असतं. मी म्हटलं, वर घ्या. त्यांनी वर घेतली ती इतकी की बासरी मांजरासारखी ओरडायला लागली. शेवटी तिसऱ्या खेपेला माप बसलं. पहिल्या ट्रायलला ब्लाउजसुद्धा बसत नाही, तेव्हा मी खचले नाही.

माईक आणला. ह्यांचा जुना संगणक शिवणखोलीत मांडला. ह्यांनी बटण दाबायचं आणि मी गायचं अशी वाटणी झाली. तीन दिवस मी त्या नव्या माईकसमोर जीव ओतून गायले, आणि चौथ्या दिवशी कळलं की संगणक माईककडे ढुंकूनही बघत नव्हता, तो आपल्या पोटातल्या छोट्या छिद्रातूनच ऐकत होता. त्यामुळे त्या तीन दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये संगणकाचा पंखा अगदी जवळून, ह्यांचं चहा पिणं मध्यम अंतरावरून आणि मी कुठेतरी डोंगरापलीकडे, गुरं हाकल्यासारखी. ह्यांना ते आवडलं. म्हणाले, लांबून बरा वाटतो आवाज. (मी त्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले.)

माईक जुळला तर नवंच संकट. कानात हेडफोन घातला, वाद्यं सुरू झाली, मी ‘थांब’ म्हटलं, आणि अर्ध्या क्षणाने कानात आणखी कुणीतरी ‘थांब’ म्हणालं. मी थांबले. तीही थांबली. पुन्हा सुरू केलं तर ती पुन्हा माझ्यामागून, चिडवल्यासारखी. ती गाठेल म्हणून मी जरा हळू झाले तर तीही हळू, आणि असं करत करत आम्ही दोघी तबल्याच्या इतक्या मागे पडलो की गाणं संपलं तेव्हा माझं एक कडवं शिल्लक होतं. मला खरंच वाटलं की डॉक्टरांच्या धुनेत तुम्ही शिरला आहात. डॉक्टर आले, त्यांनी कुठलासा आकडा कमी केला आणि ती बाई गेली. खरं सांगायचं तर ती गेल्यावर गाणं जरा मोकळं मोकळं वाटलं. म्हणजे रिकामं या अर्थाने नव्हे.

‘थांब’मधला ‘ब’ माईकवर फटाक्यासारखा फुटत होता. त्यावर डॉक्टर एक जाळी विकत आणा म्हणाले. मी म्हटलं, जाळीचे पडदे शिवणाऱ्या बाईला तुम्ही जाळी विकत आणायला सांगता? भरतकामाच्या रिंगमध्ये जाळीच्या पडद्याचा तुकडा ताणला, माईकपुढे उभा केला, ‘ब’ गारद. डॉक्टरांनी तशीच एक स्वतःसाठी करून नेली. सांगायचा मुद्दा, मी या विद्येत आता कुणाला हार जाणारी नाही. टेक म्हणजे काय, आवाज कुठे कापायचा, श्वास कसा पुसायचा, मला कुणीही विचारावं.

खोलीत आवाज घुमत होता, त्याचा इलाज तर मला झोपेतसुद्धा सांगता आला असता. शिवणखोलीतलं मोठं कपाट रिकामं केलं आणि आत चारी बाजूंनी नाट्यगृहाचा पडदा लावला. (हो, नाट्यगृहाचा. गडद लाल मखमल, अस्तरासकट, ऑर्डर तयार होऊन पडली होती आणि व्यवस्थापक न्यायला येईपर्यंत ती घडी करून ठेवण्यापेक्षा माझ्या कामी आलेली काय वाईट?) आत माईक, आत मी, दार बंद. बाहेर हे. मी टेपचं एक टोक आत धरलं आणि दुसरं ह्यांच्या मनगटाला बांधलं. एकदा ओढलं की सुरू, दोनदा ओढलं की बंद. आतला उकाडा काय वर्णावा. पण आवाज असा आला, वन्सं, की जसा लोण्यातून सुरी जावी.

फक्त एकच उणीव. कपाट जिथे आहे त्याच्या बरोबर खाली डॉक्टरांची खुर्ची. मी आलाप घेतला की खालून ड्रिल सुरू. ते मजला फोडून, मखमल फोडून माईकपर्यंत यायचं, आणि चीड आणणारी गोष्ट अशी की अगदी सुरात यायचं. म्हणून मग डॉक्टरांच्या जेवणाची वेळ धरली, एक ते दीड. त्या अर्ध्या तासात जेवढे टेक होतील तेवढे. एका दिवशी कुणाची तरी दाढ नेमकी सव्वाला ठणकली. मी वरून पाय आपटले, डॉक्टरांनी खालून झाडूच्या दांड्याने ठोकलं, आणि मधल्यामध्ये त्या पेशंटला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

एकोणिसावा टेक. तो दिवस मी विसरणार नाही. पहिल्या ओळीपासून आवाज लागला होता. डोळे मिटलेले, घामाने केस चिकटलेले, गाणं चाललंय, आणि इतक्यात कपाटाचं दार उघडलं. मला वाटलं, हे. मी डोळे न उघडता हाताने ‘जा जा’ केलं आणि गात राहिले. कारण असा टेक मोडायचा नसतो. दार उघडंच. मी दुसरं कडवं घेतलं, धृपद घेतलं, शेवटचा सूर चांगला लांबवला, आणि समोर टाळी वाजली. डोळे उघडले तर नाट्यगृहाचे व्यवस्थापक. पडदा न्यायला आले होते. ह्यांनी शांतपणे “पडदा कपाटात आहे” असं सांगून दार उघडून दिलं होतं! मनगटाला टेप बांधलेले हे एका बाजूला, आणि तो भला माणूस साडेतीन मिनिटं हातात पिशवी धरून ताठ उभा.

“बाई,” ते म्हणाले, “माझ्या आख्ख्या नोकरीत हा पडदा उघडल्यावर इतकं चांगलं काही समोर आलेलं नाही.”

त्यांच्या त्या टाळीमुळे टेक वाया गेला, पण ते वाक्य मी तुम्हाला मुद्दाम जसंच्या तसं कळवते आहे. वाटल्यास दोनशे माणसांना वाचून दाखवा. त्यांनी पडदा आणखी दोन दिवस राहू दिला, आणि त्या दोन दिवसांत, तेविसाव्या टेकला, गाणं पूर्ण झालं. ड्रिल नाही, टाळी नाही, चहा नाही.

संध्याकाळी डॉक्टर दवाखाना बंद करून वर आले. संगणकावर त्यांनी ती रेघ उघडली. हिरवी रेघ म्हणजे सूर जिथे असायला हवा ती जागा, आणि निळी रेघ म्हणजे माझा आवाज. मी खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला. हे पाणी आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. निकाल तुम्हाला सोबतच्या पेनड्राइव्हवर बघायला आणि ऐकायला मिळेल. धृपद पाच वेळा आहे आणि पाचही वेळा ‘कुठे’ हिरव्यावर निळं, शिवणीवर शिवण बसावी तसं. मी जिंकले असं म्हणणार नाही. आपल्या माणसांत कसली हारजीत? मी फक्त पुरावा पाठवते आहे. तो तुम्ही तुमच्या सोयीने, शक्यतो तुमच्या त्या पेटीवाल्यासमोर ऐकावा, एवढीच विनंती.

बाकी सर्व क्षेम. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. टीव्ही लांबून बघा. लोभ आहेच, तीन वर्षं वापर कमी झाल्याने तो जसाच्या तसा शिल्लक आहे.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. पुरावा म्हटलं की तो पूर्ण द्यावा, नाहीतर तुम्ही गणितात कच्चा दुवा काढालच. ते हिरव्यावर निळं बसलेलं आहे ते डॉक्टरांनी एक बटण दाबल्यावरचं. म्हणजे आवाज माझाच, फक्त जागेवर नेऊन ठेवलेला. ते म्हणाले, हल्ली सगळेच करतात, कवळी बसवण्यासारखंच आहे.

ता. क. २. पत्राचं पाकीट काल बंद केलं होतं, आज पुन्हा फोडलं. बटण दाबण्याआधीची रेघ मी पाहिली आहे, वन्सं. डॉक्टर म्हणत होते, एवढासा फरक आहे, कुणाला कळणार नाही. पण मी तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पडद्याची खालची कड बघते आहे. अर्धा इंच उतार असला तरी मला दारातून दिसतो, आणि “एवढंसं कुणाला कळतंय” म्हणणाऱ्या कितीतरी कारागिरांना मी शिवण उसवायला लावली आहे. निळी रेघ सगळीकडे छान जात होती आणि ‘कुठे’वर आली की उतरत होती. पाचही वेळा. एकदा नाही, दोनदा नाही, पाचही वेळा, तेवढीच. तुमचं बरोबर होतं. माईक चालू होता हे मात्र तुमचं चुकलं, आणि त्यावर मी ठाम आहे. पेनड्राइव्हवर दोन्ही फाइली घातल्या आहेत, ‘सरळ’ आणि ‘खरी’. ‘सरळ’ मी एकदाच ऐकली. ती माझ्यासारखी वाटत नाही.

ता. क. ३. मुख्य गोष्ट राहिलीच. डॉक्टरांनी धून पूर्ण गाण्याची केली आहे, त्यामुळे तुमच्या ओळींच्या जागी नुसती बासरी आणि तबला वाजतो. त्या जागा मी भरलेल्या नाहीत. तेवीसही टेकला तिथे कपाटात गप्प उभी राहिले आणि वाट पाहिली. मला वाटायचं, चार ओळींना असा किती वेळ लागतो, पण अंधारात फार लागतो. काल ‘खरी’ लावली होती तेव्हा हे दारात उभे होते. तुमच्या ओळी आल्या तशी ह्यांची मान हलायला लागली, ओठ हलायला लागले, आवाज काही नाही. मग मला बघून म्हणाले, नळ चालू राहिलाय वाटतं. नळ बंद होता. तर तुमच्या त्या ओळी तेवढ्या भरून द्या. तुमच्याकडे संगणक नसेल तर इकडे या आणि भरा. चांगल्या आठ दिवसांसाठी या. येताना माझं ‘कुठे’ कसं वर न्यायचं तेही दाखवा, कारण इतकी वर्षं ओढून नेणारं कुणीतरी शेजारी होतं आणि मला वाटायचं, मीच जाते आहे.

ता. क. ४. (हे मी लिहितोय. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय.) ताई, हिचं पत्र वाचून तुला काही माहीत नव्हतं असंच दाखव. ‘खरी’ फाइल आणि नुसती धून मी तुला फोनवरून पाठवली होती ते हिला कळता कामा नये, आणि तू तुझ्या ओळी, धृपदासकट, परवाच गाऊन धाडल्यास तेही नको. डॉक्टरांनी दोन्ही आवाज जुळवून दिलेत. हिला ऐकवायचा फार मोह होतोय, पण तीन वर्षांनी हिने आपणहून लिहिलंय, ते आधी तुझ्या हातात पडू दे, मग ऐकवतो. आता एक गोष्ट, रागावू नकोस. तुझीही रेघ मी बघितली. तुझंही ‘कुठे’ उतरतं, आणि हिच्याइतकंच उतरतं, मी दोनदा मोजून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दोघींना बटण लावून सरळ करू का? मी म्हटलं, हात लावू नका. तुम्ही दोघी एकत्र लागता ना, तेव्हा वाद्यंच चुकल्यासारखी वाटतात.